ठिपके गेले, रोग राहिला

मासा घरी आणून पाचवा दिवस होता. पावडर ब्लू टँग. निळा असा, की टाकीचा दिवा बंद असला तरी कोपरा उजळावा. संध्याकाळी कामावरून आलो, टाकीसमोर खुर्ची ओढली, तर त्याच्या कल्ल्यामागे आणि परांच्या कडेला मिठाचे दाणे चिकटल्यासारखे सात-आठ ठिपके. दुकानदाराला फोन केला. "घाबरू नका साहेब, हीटर वाढवा आणि निळं औषध देतो ते पाच-पाच थेंब टाका." टाकले. तिसऱ्या दिवशी ठिपके साफ! मी बायकोला टाकीपाशी बोलावून माझी डॉक्टरकी दाखवली. पुढे नऊ-दहा दिवसांनी टँग तर सोडाच, क्लाऊनची जोडी, अँथियस, सगळेच खारवलेल्या बांगड्यासारखे दिसू लागले. महिनाअखेरीस टाकीत एक डॅमसेल उरला होता, आणि टाकीत हात घातला की तो मला चावत होता.

पुढे जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं मी त्या महिन्यात शिकलो, पण उलट्या क्रमाने. तुम्ही सुलट्या क्रमाने शिकावं.

आधी त्या तिसऱ्या दिवसाबद्दल. खाऱ्या पाण्यातले हे पांढरे ठिपके क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स नावाच्या एकपेशी जीवाचं काम. गोड्या पाण्यातल्या 'इच'सारखाच दिसतो म्हणून त्यालाही आपण इच किंवा व्हाइट स्पॉट म्हणतो, पण दोघांचं नातं नावापुरतंच. हा जीव माशाच्या कातडीवर बसत नाही, कातडीच्या वरच्या थराखाली घुसतो आणि तिथे तीन ते सात दिवस माशाला खात वाढतो. आपल्याला दिसतो तो ठिपका म्हणजे पोट भरत आलेला परजीवी. पोट भरलं की तो आपण होऊन मासा सोडतो, तळाशी जातो, काही तास सरपटतो, वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कोष विणतो. ठिपके गेले ते निळ्या औषधाने नव्हे. त्यांचं जेवण झालं होतं, ते उठून गेले.

त्या कोषाच्या आत विभाजन चालू होतं. एका कोषातून दोनशेपर्यंत पिल्लं बाहेर पडू शकतात. म्हणजे माझ्या टँगवरच्या सात ठिपक्यांचे हिशेबाने चौदाशे. कोष फुटायला साधारण तीन दिवस ते चार आठवडे लागतात, आणि सगळे कोष एकाच दिवशी फुटत नाहीत. सर्वांत उशिरा, ७२व्या दिवशी पिल्लं बाहेर आल्याची नोंद आहे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बाहेर पडलेलं पिल्लू पोहत मासा शोधतं. त्याचा जोर पहिल्या काही तासांतच ओसरतो आणि दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतं.

यातली सर्वांत लबाड गोष्ट वेळेची. परजीवी मासा सोडतो तो बहुतेक अंधारात, आणि पिल्लंही बाहेर पडतात ती रात्रीच्या उत्तरार्धात, पहाटेच्या सुमाराला. त्या वेळी टाकीतले मासे आपापल्या ठरलेल्या कपारीत निजलेले असतात. रोज त्याच जागी. म्हणजे कोष पडतो तो अंथरुणाखाली आणि पिल्लं उठतात तीही अंथरुणाखालून. उघड्या समुद्रात हे गणित परजीवीला महाग पडतं: भरती-ओहोटी कोषाला कुठल्या कुठे नेते, पिल्लांना मासा सापडत नाही, दोनशेतली एक-दोन लागली तरी पुष्कळ. म्हणून समुद्रातल्या माशांवर हा जीव असला तरी दोन-चारांच्या वर क्वचित. आपल्या चार फुटी टाकीत मात्र सुटका कुणाचीच नाही. या जीवाचं सविस्तर वर्णन करून त्याला आजचं नाव दिलं ते ई. एम. ब्राऊन यांनी, १९५१ साली, लंडनमध्ये. तो सापडला तोही काचेआडच्या माशांवर. त्याच वर्षी इकडे मरीन ड्राइव्हला तारापोरवाला मत्स्यालय उघडलं होतं. रोग समुद्रातून येतो खरा, पण साथ आपण काच लावून तयार करतो.

हे एकदा मनात बसलं की उपचाराची दिशा आपोआप ठरते. आजारी मासा हा अर्धाच रोगी. उरलेला अर्धा म्हणजे टाकी. दोघांचा इलाज वेगवेगळ्या ठिकाणी, एकाच वेळी करावा लागतो.

आधी नीट बघा

औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी निदान करा, कारण एका परजीवीवरचं औषध दुसऱ्यावर पाण्यासारखं असतं. यासाठी सूक्ष्मदर्शक असला तर उत्तम, नसला तर टॉर्च आणि धीर. टाकीचे निळे दिवे बंद करा, खोलीत अंधार करा आणि टॉर्चचा उजेड माशावर बाजूने, तिरपा पाडा. निळ्या उजेडात सगळेच मासे निरोगी आणि देखणे दिसतात. दुकानात ते निळ्या उजेडात का ठेवतात, याचा विचार करून पाहा.

ठिपके मिठाच्या दाण्याएवढे, मोजता येण्याजोगे, आणि एक-दोन दिवसांत एका जागचे जाऊन दुसरीकडे उगवणारे असतील तर व्हाइट स्पॉट. तोच ठिपका तीन आठवडे त्याच जागी, फुलकोबीच्या तुऱ्यासारखा खरबरीत, बहुधा पराच्या टोकाला, असा असेल तर तो लिम्फोसिस्टिस, म्हणजे विषाणूचा आजार. त्याला औषध लागत नाही. चांगलं पाणी आणि चांगलं खाणं मिळालं की तो बहुतेकदा हळूहळू जातो. लिम्फोसिस्टिसला घाबरून तांब्याच्या औषधात बुडवून मारलेले मासे मी पाहिले आहेत.

ठिपके मोजता येत नाहीत, अंगावर पिठीसाखर किंवा सोनेरी धूळ भुरभुरल्यासारखी दिसते, मासा पॉवरहेडच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, झोतात तोंड धरून उभा राहतो, उजेड टाळतो, कालपर्यंत झडप घालणारा आज खाण्याकडे बघतही नाही आणि कल्ले भात्यासारखे हलतात? मग तो वेल्वेट, म्हणजे ॲमिलूडिनियम ओसेलॅटम. याचंही वर्णन ब्राऊन यांनीच १९३१ साली केलं होतं. वेल्वेट आधी कल्ल्यांवर बसतो. त्यामुळे अंगावर धूळ दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. दोन-तीन दिवसांत टाकी रिकामी होते. व्हाइट स्पॉटमध्ये तुमच्याकडे विचार करायला एक दिवस असतो. वेल्वेटमध्ये ती रात्रही नसते.

यासाठी एक सवय लावून घ्या. सगळं ठीक असताना प्रत्येक माशाचे कल्ले पंधरा सेकंदांत किती वेळा हलतात ते मोजून एका वहीत लिहून ठेवा. प्रत्येक जातीचा, प्रत्येक आकाराचा आकडा वेगळा, म्हणून पुस्तकातला आकडा कामाचा नाही, तुमच्या वहीतला कामाचा. एखाद्या दिवशी तो दीडपट झाला की ठिपक्यांची वाट न पाहता हालचाल करा. अमोनिया आणि ऑक्सिजनची कमतरताही श्वास वाढवते, तेव्हा आधी पाणी तपासा.

क्लाऊन माशाच्या अंगावरून पांढरट शेंबूड सोलून निघाल्यासारखा लोंबत असेल तर ब्रुकलिनेला. हा माशाच्या अंगावरच दुप्पट-चौपट होतो, कोष वगैरे भानगड नाही, म्हणून फार वेगाने मारतो. हिरव्या क्रोमिसच्या कुशीला लालभडक चट्टा, खरवडल्यासारखा, असेल तर युरोनिमा. आणि मासा दगडाला अंग घासतो, डोळे धुरकट झालेत, डोकं झटकतो, पण अंगावर ठिपका नाही, तर फ्लूक म्हणजे चपटे कृमी. हे पारदर्शक असल्याने अंगावर बसलेले असूनही दिसत नाहीत. त्यांना उघडं पाडायची युक्ती पुढे सांगतो.

वेगळी टाकी

मुख्य टाकीत औषध टाकायचं नाही. टाकीत प्रवाळ, कोळंबी, शंख असतील तर तांबं त्यांना मारतं. नसले तरी वाळू आणि दगड चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे असतात, ते तांबं शोषतात आणि तुमची मात्रा रोज घसरत राहते. सुपारीच्या बागेत कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करताना मोरचुदात, म्हणजे कॉपर सल्फेटमध्ये, चुना का मिसळतात, हे कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा: चुना मोरचुदाचा जहालपणा मोडतो. आपल्या टाकीत तो जहालपणाच हवा असतो.

उपचाराची टाकी साधी असावी. ६० बाय ३० बाय ३५ सेंटिमीटरची काचपेटी पुरे. काठाखाली पाच सेंटिमीटर पाणी धरलं तर ६० × ३० × ३० भागिले १०००, म्हणजे ५४ लिटर. टेप लावून मोजा. दुकानदाराने सांगितलेले 'शंभर लिटर' धरून औषध टाकू नका. तळ उघडा, वाळू नाही, दगड नाही. लपायला प्लंबरकडचे पीव्हीसीचे एल्बो आणि पाइपाचे तुकडे, हीटर, झाकण आणि स्पंज फिल्टर. हा स्पंज एरवी मुख्य टाकीच्या सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळणाऱ्या जोडटाकीत, कायम पडून राहू द्या, म्हणजे गरज पडेल त्या दिवशी त्यात जिवाणू तयार असतात. नवा कोरा स्पंज लावलात तर चौथ्या दिवशी अमोनिया चढेल आणि मासा परजीवीने मरण्याआधी तुमच्या उपचाराने मरेल. कार्बन काढून ठेवा, तो औषध पिऊन टाकतो. रोज अमोनिया तपासा, पाणी बदला आणि नव्या पाण्यात आधीच औषध मिसळून मग ते ओता. एक मोठी सूचना: तांबं चालू असताना अमोनिया बांधून ठेवणाऱ्या बाटल्या वापरू नका. त्यातली काही रसायनं बांधलेलं तांबं मोकळं करतात आणि मात्रा एका झटक्यात विषारी होते.

आता तांब्याविषयी सविस्तर, कारण व्हाइट स्पॉट आणि वेल्वेट दोन्हींवर चालणारं भरवशाचं औषध तेच. तांबं माशाच्या कातडीखालच्या परजीवीला मारत नाही, कोषालाही नाही. मारतं ते फक्त पोहणाऱ्या पिल्लाला. म्हणून पहिले काही दिवस ठिपके वाढले तरी औषध लागू पडत नाही असं समजू नका, आणि ठिपके गेले म्हणून थांबू तर मुळीच नका. सगळे कोष फुटून सगळी पिल्लं तांब्यात येईपर्यंत पातळी एक दिवसही खाली जाता कामा नये. एका टाकीत ठेवून उपचार करायचा तर पूर्ण मात्रा गाठल्यापासून ३० दिवस. चौदा दिवसांनी मासा दुसऱ्या, पूर्ण कोरड्या करून भरलेल्या टाकीत हलवणार असाल तर १४ पुरतात.

मात्रा औषधाच्या प्रकारावर. साध्या, मोकळ्या तांब्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. बाजारात मिळणारं बांधलेलं, म्हणजे चिलेटेड तांबं असेल तर लिटरला साधारण २ ते २.५ मिलिग्रॅम. दोन आकड्यांत दहापटीहून जास्त फरक आहे. कुठलं औषध हातात आहे हे न वाचता दुसऱ्याचा आकडा उचललात तर मासा तासाभरात आडवा होईल. बाटलीवरचं वाचा. पूर्ण मात्रा एका दिवसात न गाठता दोन-तीन दिवसांत चढवा. आणि तपासणी संच त्याच प्रकारचं तांबं मोजणारा घ्या. परवडत असेल तर डिजिटल फोटोमीटर घ्या. निळ्याच्या दोन छटांमधला फरक ट्यूबलाइटखाली ओळखण्यात माझे दोन मासे गेले.

शेतीच्या दुकानातून मोरचूद आणून औषध घरी करावं का, असं दर थोड्या दिवसांनी कुणीतरी विचारतं. करू नये. एक तर तो शुद्ध नसतो. दुसरं, मोरचुदात तांबं जेमतेम पाव हिस्सा. आपल्या ५४ लिटरला ०.२०ची मात्रा हवी तर सुमारे ११ मिलिग्रॅम तांबं, म्हणजे ४२ मिलिग्रॅम मोरचूद लागेल. एवढं मोजणारा काटा तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

शार्क, रे यांना तांबं सोसत नाही, आणि काही एंजल, मँडरिन, पफर वगैरे मासे तांब्याला नाजूक असतात. त्यांच्यासाठी, आणि ज्यांना रसायनच नको त्यांच्यासाठी, टाकी बदलत राहण्याची पद्धत आहे. मला ती मनापासून आवडते, कारण तिच्यात परजीवीचं वेळापत्रक त्याच्यावरच उलटवलं आहे. कोष तीन दिवसांच्या आत फुटत नाही, आणि माशावरचा परजीवी सात दिवसांच्या पलीकडे राहत नाही. म्हणून मासा दर वेळी ७२ तास पुरे होण्याआधी नव्या, कोरड्या करून भरलेल्या टाकीत हलवायचा. असं चार वेळा. पडलेले कोष मागच्या टाकीत राहतात, त्यांची पिल्लं उठतात तेव्हा मासा तिथे नसतो, आणि बारा-तेरा दिवसांत माशावर एकही परजीवी उरत नाही. पाण्याचे दोन टब, दोन हवेच्या नळ्या, दोन हीटर पुरतात. सोमवारी रात्री आठला ठेवला तर गुरुवारी संध्याकाळी सहाला, मग रविवारी दुपारी चारला, असं प्रत्येक खेपेला दोन तास अलीकडे या. रिकामा टब ब्लीचने धुऊन किमान एक दिवस खडखडीत वाळवा. माशाबरोबर पाणी जाता कामा नये. जाळं, पाइप, हीटर, काहीही ओलं पुढच्या टबात नाही. एक पाइपाचा तुकडा विसरून तसाच टाकलात की पुन्हा पहिल्यापासून. ही पद्धत वेल्वेटवर चालत नाही, त्याचं चक्र फार जलद आहे.

क्षारता उतरवण्याचा तिसरा मार्ग आहे. पाण्याची घनता १.०२५वरून दोन दिवसांत १.००९पर्यंत आणायची आणि महिनाभर तिथेच ठेवायची. क्लाऊन, डॅमसेल, टँग हे सोसतात. कोषातला जीव या पाण्यात फुटून मरतो. पण १.०११ झालं तरी उपचार वाया, म्हणून प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर चालणार नाही, रिफ्रॅक्टोमीटरच हवा, तोही आधी शून्यावर लावून घेतलेला. पाणी उडून क्षारता वर सरकते, पीएच खाली येतो. परत चढवताना घाई नको, आठवडाभर घ्या. मी हे दोनदा केलं. एकदा साधलं, एकदा नाही. काही वाण कमी क्षारतेतही जगतात असं आढळलं आहे. वेल्वेटला तर कमी क्षारतेचं काहीच वाटत नाही. तिथे तांबं किंवा क्लोरोक्विन फॉस्फेट, लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास. क्लोरोक्विन हे माणसांचं हिवतापाचं औषध, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि मिळूही नये. पशुवैद्याला विचारून, शुद्ध पूड मिळाली तरच त्या वाटेला जा.

ब्रुकलिनेला आणि युरोनिमावर तांबं लागू पडत नाही. ब्रुकलिनेलावर फॉर्मलिनचं अल्पकाळाचं स्नान हा जुना उपाय. फॉर्मलिन माणसालाही घातक आहे, डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतं, कर्करोगकारक आहे, पाण्यातला प्राणवायू खातं, आणि बाटलीत पांढरा साका बसला असेल तर ते माशासाठी जहर झालेलं असतं. मात्रा पाण्याच्या तापमानाप्रमाणे बदलते, म्हणून ती इथे देत नाही. मत्स्यरोगाच्या जाणकाराला विचारा. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था, रत्नागिरीजवळचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय अशा ठिकाणी हे शास्त्र शिकलेली आणि शिकवणारी माणसं आहेत, आणि तिथून बाहेर पडलेले पदवीधर राज्यभर आहेत. कुठेतरी ओळख निघतेच. युरोनिमाचा चट्टा दिसला की मासा क्वचित वाचतो, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

आता फ्लूकची ती युक्ती. बादलीत आरओचं गोडं पाणी घ्या, तासभर हवा सोडा, तापमान टाकीइतकं करा, खाण्याचा सोडा चिमूटचिमूट टाकून पीएच टाकीशी जुळवा. तळाशी काळी थाळी ठेवलीत तर उत्तम. मासा तीन ते पाच मिनिटं त्यात. पारदर्शक फ्लूक गोड्या पाण्यात पांढरे पडतात आणि तिळासारखे थाळीवर गळतात. पहिल्यांदा पाहाल तेव्हा शिसारी येईल. मासा सुरुवातीला आडवा होऊन पडला तरी लगेच काढू नका, पण उसळ्या मारत सुटला किंवा श्वास मंदावला तर ताबडतोब काढा. हे निदान झालं, इलाज अर्धाच झाला. गळालेल्यांची अंडी चिकट धाग्यांनी टाकीत अडकलेली असतात. त्यासाठी प्राझिक्वान्टेल, लिटरला २.५ मिलिग्रॅम. ५४ लिटरला १३५ मिलिग्रॅम. ते पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या पाण्यात खूप ढवळावं लागतं. अंडी त्याने मरत नाहीत. म्हणून पाच ते आठ दिवसांनी, अंड्यातली पिल्लं बाहेर आलेली पण नवी अंडी अजून घातलेली नाहीत अशा वेळी, दुसरी मात्रा. ती चुकली की पहिलीचे पैसे पाण्यात, शब्दशः.

जे चालत नाही

लसूण. लसणाच्या रसात भिजवलेलं खाद्य माशांना आवडतं, उपाशी मासा त्याने तोंड लावतो, तेवढाच उपयोग. परजीवी लसणाने जात नाही. गोड्या पाण्यातल्या इचवर चालणारी तापमान वाढवण्याची युक्तीही इथे नको. चक्र जलद होतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी, तेव्हा आधीच कल्ले बिघडलेल्या माशाचा दम निघतो. क्लीनर रास आणि क्लीनर कोळंबी माशांच्या अंगावरचे बाहेरचे जीव वेचतात, पण कातडीखाली घुसलेला व्हाइट स्पॉट त्यांच्या चोचीत येत नाही. क्लीनर रासला तर घरच्या टाकीत पोटभर खायलाच मिळत नाही, तो उपाशी मरतो. यूव्ही दिवा पाण्यात तरंगणारी काही पिल्लं मारतो, साथीचा जोर कमी करतो, रोग काढत नाही. 'प्रवाळांना सुरक्षित' असं लिहिलेल्या औषधांबद्दल एवढंच म्हणतो: परजीवीला मारेल आणि कोळंबीला काही होणार नाही, असं रसायन मी अजून पाहिलेलं नाही.

काही मासे औषधाविना बरेही होतात. एकदा झेललेल्या माशाला काही महिने प्रतिकारशक्ती राहते, आणि म्हणूनच जुन्या टाक्यांत 'माझ्याकडे कधी इच आला नाही' असं लोक छातीठोक सांगतात. तो आलेला असतो, दबून असतो. मग एखाद्या मे महिन्यात दोन तास वीज जाते, पाणी ३१ अंशांवर जातं, एक नवा मासा सगळ्यांना हुसकावतो, आणि तो डोकं वर काढतो.

शहात्तर दिवस

मासे उपचाराला गेले, आता मुख्य टाकीचं काय? काही करायचं नाही, एवढंच करायचं. तीत एकही मासा ठेवायचा नाही. 'तो छोटा गोबी राहू दे, त्याला काही झालेलं नाही' असं म्हणालात की संपलं. एक गोबी सगळ्या पिल्लांना पोसायला पुरतो. त्या ७२ दिवसांच्या नोंदीवर चार दिवस वाढवून ७६ दिवस टाकी रिकामी ठेवायची, असा संकेत रूढ झाला आहे. कोळंबी, शंख, खेकडे आत राहू शकतात, त्यांना हा रोग होत नाही. त्यांना अधूनमधून थोडं खाद्य टाका, म्हणजे टाकीतले जिवाणूही उपाशी मरणार नाहीत. वेल्वेटसाठी सहा आठवडे पुरतात, पण दोन्ही रोग एकत्र असल्याची शक्यता नेहमीच असते. मी ७६च धरतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारीख लाल पेनने लिहून ठेवा. पन्नासाव्या दिवशी घरातलं कुणीतरी "रिकामी टाकी किती दिवस बघायची" असं म्हणणारच, आणि त्या दिवशी तारीख भिंतीवर असणं बरं.

या काळात दोन्ही टाक्यांचं सामान वेगळं. जाळी, बादल्या, पाणी बदलायचा पाइप, सगळ्यांवर रंगीत टेप लावा. आधी मुख्य टाकीचं काम, मग उपचाराच्या टाकीचं, आणि नंतर कोपरापर्यंत हात धुणं. वेल्वेटची पिल्लं हवेच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या तुषारांतूनही पलीकडे जाऊ शकतात, म्हणून दोन टाक्या एकमेकींना खेटून नकोत. दुसरी खोली उत्तम. एका खोलीच्या घरात झाकण आणि शक्य तितकं अंतर.

आणि नव्याने काही आणताना? प्रत्येक मासा, अगदी स्वस्तातला डॅमसेलसुद्धा, आधी महिनाभर वेगळ्या टाकीत. क्रॉफर्ड मार्केट असो की कुर्ल्याचा मासळीबाजार, दुकानात वीस टाक्या एकाच पाण्यावर, एकाच सम्पवर चालतात. म्हणजे तुम्ही निवडलेला मासा निरोगी दिसला तरी तो वीस टाक्यांच्या पाण्यात राहिलेला असतो. दुकानात पाणी तांब्यावर ठेवलेलं असेल तर ठिपके दाबलेले असतात आणि घरी आल्यावर उठतात. पाचव्या दिवशी उठलेले माझे तसलेच होते, असा माझा संशय आहे. दुकानदाराला सरळ विचारा, "पाण्यात तांबं आहे का?" बरेच जण खरं सांगतात. खाताना मासा दाखवायला सांगा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. दगड, शंख, शैवाल यांच्यावरही कोष चिकटून येतात, तेव्हा त्यांनाही तेवढेच दिवस माशाविना वेगळं ठेवणं आलं. जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे यांचा तर प्रश्नच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना २००१पासून संरक्षण आहे, कुणी मागच्या खोलीत नेऊन दाखवलेच तर तसेच बाहेर या. क्लाऊन घ्यायचा तर पैदाशीचा घ्या. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाऊन आणि डॅमसेलच्या कित्येक जातींची पैदास आपल्याकडे साध्य केली आहे, आणि टाकीत जन्मलेला क्लाऊन ब्रुकलिनेला घेऊन येण्याची शक्यता समुद्रातून पकडलेल्यापेक्षा पुष्कळ कमी.

किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणून वापरणारेही आहेत. मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी कशाने भरलेलं असतं ते सांगायला नको, आणि पावसाळ्यात त्याची क्षारता रोज वेगळी. आणायचंच असेल तर ते झाकून, अंधारात दोन-तीन आठवडे मुरवा. मासा न मिळालेली पिल्लं तेवढ्यात मरतात. पण मला विचाराल तर मिठाची बादली आणि आरओचं पाणी. महाग पडतं, तरी टँगपेक्षा स्वस्त.

शहात्तराव्या दिवशी मासे परत सोडाल तेव्हा एकदम सगळे सोडू नका. गरीब स्वभावाचे आधी, हुसकावणारा डॅमसेल सगळ्यांत शेवटी. आधी दोन्ही टाक्यांची क्षारता मोजून सारखी करा, मासा जाळ्यात निथळू द्या, उपचाराच्या टाकीतला एक थेंबही मुख्य टाकीत पडू देऊ नका. त्या रात्री दिवे लावू नका. पुढचे दहा दिवस पहाटे टॉर्च घेऊन टाकीपाशी जा, निजलेल्या माशांच्या अंगावर तिरपा उजेड टाका, पंधरा सेकंद कल्ले मोजा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून बघा.